पाहुण्यांनी उभं राहावं

नाताळनंतरच्या रविवारची गोष्ट. उपासना निम्म्यावर आली होती, सूचना वाचून झाल्या होत्या, आणि पाळकांनी वहीतून मान वर करून म्हटलं, "आज आपल्यामध्ये कोणी पाहुणे आले असतील, तर त्यांनी कृपया उभं राहावं." पाळक तरुण आहेत. आमच्या मंडळीत येऊन त्यांना जेमतेम दीड वर्ष झालंय. त्यांची नजर बाकांवरून फिरत फिरत आमच्या ओळीवर आली आणि माझ्यापाशी थांबली. ते हसले, अगदी आपुलकीनं हसले. शेजारी चुलतभावाची सून बसली होती, तिनं हळूच कोपर लावलं. मी उठले. बाकाची कड हातात धरून, निम्मी उभी निम्मी बसलेली अशी काहीतरी. तेवढ्यात संडे स्कूलमधली एक मुलगी पुढून पळत आली आणि तिनं चकचकीत कागदात गुंडाळलेला एक गुलाब माझ्या हातात दिला. मंडळीनं टाळ्या वाजवल्या. पेटीवर स्वागताच्या गाण्याचं एक कडवं झालं. मी खाली बसले. पुढचा सगळा वेळ तो गुलाब मांडीवर होता आणि श्वास घेतला की त्याचा कागद कुरकुर वाजत होता. उपदेशातलं एक वाक्य मला आठवत नाही.

याच चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झालाय.

नेवासे तालुक्यातलं आमचं गाव. दर तीन वर्षांनी नाताळाला सगळ्यांनी तिथं जमायचं असं आजोबा गेल्यावर ठरलं आणि आश्चर्य म्हणजे ते पाळलंही गेलं. आजोबांना सात मुलं. त्यांची मुलं, नातवंडं, आता पतवंडं. यंदा मोजून चौतीस माणसं होती. कोणी नाशिकहून, कोणी ठाण्याहून, एक भाची बंगळुरूहून. घर तसं लहानच. पुढं कडुनिंब, पत्र्याची पडवी, मधली मोठी खोली, मागं न्हाणी आणि तिच्याशेजारी तीन दगडांची चूल, जिच्यावर पहाटे पाचपासून आंघोळीचं पाणी तापत असतं. पुरुष गच्चीवर पांघरुणं घेऊन झोपतात आणि रात्री थंडीनं एकेक करून खाली येतात. सकाळी उठावं तर मधल्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते, नुसत्या गोधड्या आणि त्यातून बाहेर आलेली डोकी. रात्रभर कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या मागं लावून, मोठ्यानं गाणी लावून जात असतात. पहिल्या रात्री त्या आवाजानं झोप येत नाही. तिसऱ्या रात्री तो आवाज थांबला की जाग येते.

फराळ नाताळाच्या आधी तीन दिवस चालू असतो. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, रव्याचे लाडू. दिवाळीला गावात जे होतं तेच आमच्याकडे नाताळाला होतं, आणि एवढं करूनही शेजारी म्हणतात की तुमच्या करंजीची चव वेगळी. मला वाटतं ते खरं आहे. थोरली आत्या सारणात खसखस जास्त घालते आणि खोबरं पार काळपट होईतो भाजते. यंदा तिला खाली बसवत नाही म्हणून ती खुर्चीवर बसून नुसती बघत होती. कातण्यानं कड कापली जाताना कोणाच्या हातची करंजी फुटणार हे ती आधीच सांगायची आणि ती फुटायची. नानकटाईचं पीठ डब्यात भरून बेकरीत भाजायला द्यायचं आणि संध्याकाळी पत्र्याचे ट्रे रिक्षात मांडीवर घेऊन घरी यायचं, हे काम पूर्वी माझं होतं. या वेळी पुतण्या दुचाकीवर जाऊन आला. मग ताटं भरायची. समोरच्या वाड्यात एक, मारुतीच्या देवळातल्या पुजाऱ्यांकडे एक, मशिदीच्या बोळातल्या तांबोळ्यांकडे एक, आणि अशी वीसेक. ताट रिकामं परत येत नाही. कोणी मूठभर साखर घालतं, कोणी गहू. एका घरून ओल्या हरभऱ्याची जुडी आली, आणि सगळी पोरं पडवीत बसून घाटे सोलून खात राहिली.

चोवीस तारखेच्या रात्री फेरी निघते. माझ्या लहानपणी ढोलकी, खंजिरी, टाळ आणि एक गॅसबत्ती. आता निळे दिवे लुकलुकणारा स्पीकर असतो. तरी ज्या घरापुढं थांबायचं त्या घराचा दरवाजा उघडतो, आतून माणूस शाल सावरत बाहेर येतो आणि म्हणतो "सलाम", ते तसंच आहे. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती माणसाला हा सलाम इतका अंगवळणी पडलेला असतो की शहरात गेल्यावर पहिली जी गोष्ट सुटते ती हीच. पुण्यात मी 'नमस्कार' म्हणते, 'हॅलो' म्हणते, चर्चच्या दारात 'गुड मॉर्निंग'सुद्धा म्हणते. त्या रात्री एका दारात एक म्हातारा मला बराच वेळ निरखून म्हणाला, "मास्तरांची नात का गं तू?" आणि माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. थंडी फार होती, धूरही होता, कोणाच्या लक्षात आलं नसावं.

मास्तर म्हणजे माझे आजोबा. गावात त्यांना नाव नव्हतंच, मास्तर हेच नाव. मिशनच्या शाळेत ते शिक्षक, आणि त्या काळी गावोगाव असायचं तसं, ज्या खोलीत सोमवार ते शनिवार शाळा, त्याच खोलीत रविवारी उपासना. फळ्यावर शनिवारचं गणित तसंच असायचं आणि त्याच्यापुढं उभे राहून ते वचन वाचायचे. अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरला आली १८३१ साली, नगरलाच १८४२ साली 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक सुरू झालं, हे सगळं आजोबा तारखांसकट सांगायचे, जणू घरातल्या लग्नांच्या तारखा. पण आमच्या घराची गोष्ट त्यांनी त्या मानानं थोडक्यात सांगितली. छपन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, त्यांचे वडील सात-आठ वर्षांचं पोर, आईबाप गेलेलं, आणि मिशनच्या अनाथाश्रमात त्याला भाकरी मिळाली. एवढंच. लोक कधी कधी टोचून विचारतात, भाकरीसाठी धर्म घेतला का तुमच्या लोकांनी. लहानपणी मला या प्रश्नाची लाज वाटायची. आता नाही वाटत. उपाशी पोराला ज्यानं जेवू घातलं त्याचं नाव त्या पोरानं जन्मभर घेतलं, आणि त्याच्या पोरानं खांद्याला झोळी लावून पंचक्रोशीत फिरून गायलं, यात खाली मान घालण्यासारखं काय आहे?

आजोबा कीर्तन करायचे. खरंखुरं कीर्तन, पूर्वरंग-उत्तररंगाचं, हातात चिपळ्या, मागं मृदंग. ज्या तालुक्यात पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या तालुक्यातल्या माणसाला देवाबद्दल काही सांगायचं तर ते ओवी-अभंगातूनच सांगावं लागणार. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांना ते कळलं होतं. राहुरी-नगर भागात राहून त्यांनी येशूला मराठी माणसाच्या तोंडातल्या छंदात आणून बसवलं. राहुरी आमच्या गावापासून फार लांब नाही. आजोबांच्या बोलण्यात टिळक म्हणजे पलीकडच्या गावचे कोणी वडीलधारे असावेत असेच यायचे. पारावर कीर्तन असलं की अर्धं गाव ऐकायला, आणि उधळ्या पुत्राची गोष्ट आली की हमखास बाया पदर डोळ्यांना लावणार. पोरगं लांबून येताना दिसलं आणि बाप धावत सुटला, या ठिकाणी आजोबा स्वतः चार पावलं धावायचे. धोतराचा सोगा हातात धरून. ती चार पावलं मला आत्ताही दिसतात.

या भजनांवरूनच यंदा थोडी कटकट झाली. माझा एक चुलतभाऊ हल्ली शहरात दुसरीकडे उपासनेला जातो. मोठा हॉल, ड्रमसेट, हात वर करून गायची हिंदी-इंग्रजी गाणी. जेवताना विषय निघाला आणि तो म्हणाला, आपली जुनी भजनं आता मढ्यापुढं म्हटल्यासारखी वाटतात, तरुण पोरं कशी येणार? ताटात काळ्या मसाल्याचं मटण आणि बाजरीची भाकरी होती, सगळे खाण्यात गुंतले होते, तरी मधली खोली एकदम शांत झाली. आत्या काही बोलली नाही. तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायला सांगितली. त्याचं सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही. माझी स्वतःची मुलगी चर्चला येते ती माझ्यासाठी येते, हे मला माहीत आहे. पण रात्री घरच्या प्रार्थनेला आत्यानं तिच्या फाटक्या आवाजात आजोबांच्या चालीतला एक अभंग उचलला, पोरांनी पटापट मोबाइलवर शब्द शोधायला घेतले, आणि दुसऱ्या ओळीला जो आवाज तिच्या आवाजाला येऊन मिळाला तो त्याच भावाचा होता. डोळे मिटलेले, बोटं मांडीवर ठेका धरत होती. पाच कडवी त्यानं न अडखळता म्हटली. कोणी काही बोललं नाही. पुढच्या दिवशीही तो विषय कोणी काढला नाही.

मी या वेळी गावी गेले ती एक काम मनात ठेवून गेले होते, आणि ते काम कोणाला सांगितलं नव्हतं. मला मंडळीचं पत्र हवं होतं. आमच्यात एका मंडळीतून दुसरीत जायचं तर जुन्या मंडळीकडून पत्र घ्यावं लागतं, की ही व्यक्ती आमची सभासद आहे, तिचं वर्तन चांगलं आहे, तिला आपल्यात सामील करून घ्यावं. लग्नानंतर मुलीचं नाव नवऱ्याच्या मंडळीत जातं. पण नवऱ्याचं नाव सोलापूरला, आम्ही दोघं पुण्यात, भाड्याची घरं बदलत, आज करू उद्या करू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. पुण्यात ज्या चर्चला आम्ही इतकी वर्षं जातो तिथं आम्ही कागदोपत्री कोणीच नाही. आता मुलीचं लग्न ठरलंय. सेक्रेटरींनी नीट समजावून सांगितलं की लग्नाची पुकार, म्हणजे चर्चमध्ये लग्नाची जाहीर घोषणा, व्हायची तर घरातलं कोणीतरी यादीत हवं, पत्रं आणून द्या. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मीही म्हटलं, आणते.

म्हणजे मी पत्र मागायला गेले होते, आणि त्या दारात मला गुलाब मिळाला.

उपासना सुटल्यावर सगळे बाहेर मैदानात गेले. आमच्या चर्चमध्ये मागच्या बाजूला आता बाक आलेत, पण पुढचा निम्मा भाग अजून सतरंज्यांचा आहे. पोरं आणि ज्यांना बाकावर अवघडतं त्या म्हाताऱ्या बाया तिथं बसतात. मी लहान असताना सगळीच जमीन होती, शनिवारी सारवलेली, डाव्या हाताला बाया, उजव्या हाताला पुरुष, आणि उपासना संपली की सतरंज्या उचलायचं काम मुलींचं. दोघींनी दोन टोकं धरायची, बाहेर नेऊन तीनदा झटकायची, मग आपापल्या हातातले दोन कोपरे एकमेकांवर आणायचे, चालत चालत समोरासमोर यायचं, तुझं टोक माझ्या हातात, परत मागं, परत समोर. धूळ नाकात जायची. सुंदर लाल-निळ्या पट्ट्यांच्या त्या सतरंज्या कोणीतरी सोलापूरहून आणलेल्या. नाव कुठल्या यादीत आहे की नाही हे त्या वयात कोणाला ठाऊक? सतरंजीचं टोक हातात असलं की आपण तिथले. मी बाकाशी गुलाब घेऊन उभी होते तर पुढून आत्याची हाक आली, "ते फूल ठेव तिथं आणि हे टोक धर. माझ्याच्यानं एकटीनं होत नाही." मी धरलं. तिचे हात थरथरतात आता. घडी वाकडी झाली. तिनं ती उलगडून पुन्हा घालायला लावली.

आत्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर याच घरात राहिली. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षांचा रस घेतात, त्या प्रभूभोजनाचा रस अजून तीच करते. आदल्या दिवशी काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, मग मंद आचेवर शिजवायच्या, आणि गार झाल्या की एका पांढऱ्या फडक्यातून गाळायच्या. ते फडकं फक्त त्याच कामाचं. धुऊन, वाळवून, इस्त्री करून कपाटात वेगळ्या पिशवीत असतं. कितीही धुतलं तरी त्याच्या मधोमध तांबूस डाग राहिलेला आहे, फिकट, हाताच्या पंजाएवढा. लहानपणी मला वाटायचं, तो डाग म्हणजेच काहीतरी पवित्र आहे. त्या रविवारी रात्री ती ते कपाट आवरत बसली होती. बाकीची मंडळी बाहेर शेकोटीपाशी होती. मला वाटलं, हीच वेळ बरी.

"आत्या, यंदा पत्र घ्यावं म्हणते मी."

"कसलं पत्र?"

"मंडळीचं. पुण्याला मागताहेत."

ती काही बोलली नाही. फडक्याची घडी केली, पिशवीत ठेवली. मग कपाटाच्या खालच्या कप्प्यातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. वर आजोबांचा चष्मा होता, एक काडी दोऱ्यानं बांधलेला. त्याखाली रबर लावलेल्या पावत्यांचे गठ्ठे. वर्गणीच्या पावत्या. पहिल्या गठ्ठ्यातली सगळ्यांत खालची पावती जून १९९६ ची. त्याच वर्षी मे महिन्यात माझं लग्न झालं. नाव माझं, माहेरच्या आडनावासकट. महिन्याला दहा रुपये, मग वीस, अलीकडे पन्नास. कागद वेगवेगळे, सह्या वेगवेगळ्या, कितीतरी सेक्रेटरी बदलले असतील. एकही महिना चुकलेला नव्हता. मी ते गठ्ठे नुसते हातात घेऊन बसले. जुन्या पावत्यांची शाई फिकी होऊन जांभळट झाली होती.

"मला सांगितलं का नाहीस कधी?"

"सांगायचं काय त्यात? वर्गणी थकली की नाव कटतं."

"पण आत्या, इतकी वर्षं..."

"दादाची पण भरत होते, तो आजारी होता तेव्हा. तो गेला, त्याची बंद केली. तुझी कशापायी बंद करू? तू काय मेलीस?"

दादा म्हणजे माझे वडील. बाहेर कोणीतरी शेकोटीत पाचट टाकलं असावं, खिडकीतून एकदम उजेड आला आणि गेला. मला बोलायचं होतं पण गळ्यातून आवाज निघेना. आणि मग आत्यानं तो प्रश्न विचारला, रागानं नव्हे, खरोखर कळत नाही म्हणून विचारावा तसा.

"सकाळी तू उभी का राहिलीस?"

मी म्हटलं, पाळकांनी बघितलं माझ्याकडे. म्हटलं, सुनेनं कोपर लावलं. ती म्हणाली, "ते नवीन लेकरू आहे, त्याला काय ठाऊक. ही सून दोन वर्षांची. तुला तर ठाऊक होतं." एवढं बोलून ती प्रार्थनेला बसली आणि मी डबा मांडीवर घेऊन तशीच राहिले. दिवसभर मी मनातल्या मनात त्या पाळकांवर, त्या गुलाबावर, टाळ्या वाजवणाऱ्या मंडळीवर रुसून बसले होते. माझ्या गावानं मला परकं केलं असं काहीतरी मोठं दुःख मी गोंजारत होते. पण कोणी मला हाताला धरून उभं केलं नव्हतं. उठले ती मी. वर्षानुवर्षं पाहुणी होऊन राहायची मला इतकी सवय झाली होती की पाहुण्यांनी उभं राहावं म्हटल्यावर पाय आपोआपच उचलले गेले.

दुसऱ्या दिवशी निघताना मी तिला म्हटलं, यापुढं वर्गणीचे पैसे मी पाठवत जाईन. ती म्हणाली, "तू तिकडं भर. इथलं माझं मी बघते." पत्राचं मी पुन्हा काढलं नाही. तो गुलाब तिनं कागद काढून, स्टीलच्या पेल्यात पाणी घालून आजोबांच्या फोटोखाली ठेवला होता. घोडेगाव सोडलं, नगर आलं, शिरूर गेलं, आणि वाघोलीच्या गर्दीत गाडी पाऊण तास अडकून पडली. मांडीवरच्या पिशवीत करंज्यांचा डबा, काळा मसाला, आणि जुन्या ज्ञानोदयाच्या कागदात बांधलेली मूठभर मनुकांची पुडी. ती कशाला दिली हे आत्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुण्यातलं आमचं चर्च मोठं आहे. दगडी भिंती, उंच छत, रंगीत काचांतून सकाळी दहा वाजता डाव्या बाकांवर निळा उजेड पडतो. इतक्या वर्षांत मी त्या निळ्या उजेडात एकदाही बसले नाही. माझी जागा शेवटून दुसऱ्या बाकाची, दाराशेजारची. आशीर्वाद झाला की पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्यांत मी. बाहेर चहा असतो, माणसं घोळक्याघोळक्यानं उभी असतात, हसतात, एकमेकांच्या लेकरांची चौकशी करतात. मी रिक्षात बसून घरी जाताना नवऱ्याला सांगायची, इथं कोणी कोणाला विचारत नाही. तो म्हणायचा, हं. मी कोणाला विचारलं होतं? कोणाच्या घरी मयत झाली, कोणाची नोकरी गेली, मला सूचनांमधून कळायचं, आणि घरी येईपर्यंत विसरायचं.

एकतीस डिसेंबरच्या रात्री वॉचनाइटला गेलो. बाराचे ठोके पडायच्या आधी दिवे मालवतात आणि सगळे गुडघ्यावर येतात, तेव्हा त्या एवढ्या मोठ्या इमारतीत फक्त कपड्यांची सळसळ ऐकू येते. मला तो आवाज फार आवडतो. नंतर वचनांचं ताट फिरतं, बारीक गुंडाळ्या, ज्याच्या हाती जे येईल ते त्याचं वर्षाचं वचन. यंदा दोन उचलल्या, एक आत्याच्या नावानं. तिची न उघडता पाकिटात घालून पाठवली.

जानेवारीचा पहिला रविवार प्रभूभोजनाचा होता. नवऱ्याचं पत्र सोलापूरहून आलं होतं, पुकारीपुरतं तेवढ्यावर भागलं. सेक्रेटरी दारातच भेटले. "ताई, तुमचं पत्र?" मी म्हटलं, "माझं नाव तिकडंच राहू द्यायचं ठरवलंय. पण इथं काही काम असेल तर सांगा." त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले, संडे स्कूलला माणूस कमी पडतं, शेजारच्या हॉलमध्ये मुलं बसतात, सुटल्यावर आवरायला कोणी थांबत नाही. त्या दिवशी मी पुढं बसले. छोट्या पेल्यातला रस जिभेवर आला तेव्हा मला त्या फडक्यावरचा डाग दिसला, पंजाएवढा. डोळे उघडले तर हातावर निळा उजेड होता.

सूचना संपल्यावर पाळकांनी पाहुण्यांना उभं राहायला सांगितलं. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. बावीस-तेवीस वर्षांचा, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, नवी वही छातीशी धरलेली. जालन्याकडचा आहे म्हणाला, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आलोय, खोली सदाशिव पेठेत. आवाज इतका बारीक की निम्म्या लोकांना ऐकूच गेला नसेल. त्याला गुलाब मिळाला. टाळ्या झाल्या. आशीर्वाद संपता संपता तो दाराकडे सरकायला लागला, अगदी माझ्याच वाटेनं, आणि मी बाकांमधून जवळजवळ धावतच त्याला गाठलं.

"सलाम," मी म्हटलं.

तो दचकला. मग त्याचा सगळा चेहराच सैल झाला. "सलाम, मावशी."

कोणाच्या घरचा, कोणत्या मंडळीतला, आई काय करते, डबा कुठं लावलाय, सगळं विचारलं. जालन्याच्या जवळच्या कुठल्या खेड्यातलं त्याचं चर्च, पत्र्याचं, आणि त्याचे वडील तिथं घंटा वाजवतात. घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, झाडाला टांगलेला. आमच्याकडेही तसाच होता, मी म्हटलं. बोलत बोलत आम्ही शेजारच्या हॉलपाशी आलो. मुलं सुटून गेली होती. जमिनीवर खडूचे तुकडे, बिस्किटांचा चुरा आणि मधोमध भली मोठी सतरंजी, एका बाजूनं उलटलेली. मी वाकून एक टोक उचललं. त्यानं इकडेतिकडे बघितलं, वही खिडकीत ठेवली, गुलाब वहीवर ठेवला, आणि न सांगता दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

आम्ही ती बाहेर नेली. तीनदा झटकली. मग त्यानं आपले दोन कोपरे जुळवले, मी माझे, आणि तो चालत माझ्यासमोर आला.

"जरा ओढून धर," मी म्हटलं, "घडी वाकडी होतेय."